गाण्याचे दात

लोक कवळी बसवून घेतात ती जेवायला. त्यातले निम्मे फोटोत बरं दिसावं म्हणूनही घालतात, पण पहिलं कारण जेवण. कवळ्या हाच माझ्या खास शिक्षणाचा विषय, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकते. फक्त गाण्यासाठी कवळी लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझ्या दवाखान्याच्या भिंतीपलीकडे राहत होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी नवी मुंबईतल्या बेलापूर गावात दातांचा दवाखाना थाटला. सीबीडी या नव्या व्यापारी भागातल्या कचेऱ्या तिथून हाकेच्या अंतरावर. घरमालकांची तीन मजली नवी इमारत होती. तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्या माझ्या आणि मागच्या दोन त्यांच्या आईच्या. मुलगा आणि सून वर राहायचे. म्हातारीला जिना नको होता. सगळं गाव तिला आय म्हणायचं, म्हणून मीही आय म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात ती दवाखाना बघायला आली, माझ्या नव्या कोऱ्या खुर्चीभोवती एक फेरी मारली, आणि मी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहतेय हे लक्षात आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तांदळाचे चार दाणे, मिश्रीची डबी आणि खालची कवळी.

माझा पारा चढायला तेवढं पुरे होतं. वरची कवळी तोंडात आणि खालची पदरात, हे काय चाललंय, म्हणून मी पहिल्याच भेटीत तिला चांगलं सुनावलं. कवळी रोज लावायची असते, जेवताना लावायची असते, मिश्रीबरोबर तर मुळीच ठेवायची नसते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी सातारची, माझं बोलणं तिला भांडल्यासारखं वाटत असणार, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हे दात माजे नाय, गान्याचे हायेत," ती म्हणाली. "जेवाला कनाला घालू?"

मग मला कळलं की आय धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत विधी तिच्या गाण्यानं पुढं सरकतात. त्या गाण्याला धवला म्हणतात. त्यातून ती गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. यातलं काही लिहिलेलं नाही. आयनं ते तिच्या मावशीकडून घेतलं होतं, मावशीनं आणखी कुणाकडून, आणि आता आयची सून तिच्याकडून घेत होती. सून उरणजवळच्या मोरा गावची, आवाज खणखणीत, पण बुजरी. सासू गायची त्याच्या पाठोपाठ ती ओळ उचलायची, आणि तसंच करत सात-आठ वर्षं झाली होती.

आयचा खालचा जबडा मी तपासला तेव्हा पदराच्या गाठीचं कारणही समजलं. दात जाऊन इतकी वर्षं झाली की हाड झिजून जवळजवळ सपाट झालं होतं. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती चिकटून बसते. खालचीला तसा आधार नाही, शिवाय मध्ये जीभ वळवळत असते. आयची खालची कवळी तोंडात नुसती तरंगत होती. जेवताना ती त्रास द्यायची, म्हणून ती जेवायची हिरड्यांवर, भात आणि मासळीचं कालवण. पण दात नसले की गाण्यातले शब्द पोकळ होतात, म्हणून गाण्यापुरती ती कवळी सहन करायची.

त्या हिवाळ्यात गावातल्याच एका लग्नाला मला आमंत्रण आलं. मांडवाचा दिवस होता, भर दुपार. आय आणि सून मांडवात पाटावर बसल्या होत्या, पुढं दिवा आणि तांदळाचा चौक. आय गायला लागली आणि मी ज्या कामासाठी उठले होते ते विसरून परत खाली बसले. आवाज काही गोड नव्हता. खरं सांगायचं तर जरा भरडाच होता. पण तिला कशाची घाई नव्हती, कुणाला खूश करायचं नव्हतं. ती एकेकाला बोलावत होती आणि ते येतील याची तिला खात्री होती. सत्तरी ओलांडलेली ती बाई दीड तास गात होती, पाण्याचा घोटही न घेता. मी त्या दिवशी तिच्यावर जी फिदा झाले ती कायमची.

आणि मी एक चूक केली. गाणं संपल्यावर तोंडभरून कौतुक करायला गेले. आम्ही शिकलेले लोक नुसतं छान म्हणून थांबत नाही, आपल्याला काहीतरी कळलंय हे दाखवायचं असतं. मी म्हटलं, आय, सगळंच सुंदर, पण तुम्ही दर ओळीच्या मध्येच जिथं किंचित थांबता ना, श्वास अडल्यासारखं, ती जागा मला फार आवडली. सूनबाई पण अगदी तशीच थांबते.

आयनं सुनेकडे एकदा पाहिलं आणि पाटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते तर ती दारात उभी. रात्रभर झोपली नसावी. आत येऊन खुर्चीवर न बसता स्टुलावर बसली.

"तो ठेका नाय, बाय. तवा मी दात धरतंय."

मला कळायला थोडा वेळ लागला. ओळीच्या मध्ये जिथं तोंड मोठं उघडावं लागतं तिथं तिची खालची कवळी उचलली जायची. मग ती जिभेनं कवळी खाली दाबायची, आणि तेवढ्यापुरतं गाणं थांबायचं. एवढंच. ज्याला मी गाण्यातली नजाकत समजत होते ती सैल कवळी होती.

"आनि माजी सून पन तितंच थांबते," आय म्हणाली. "तिचे तोंडान तं सगले दात हायेत."

मी आजवर कुणाच्या तोंडून याहून भयंकर वाक्य ऐकलेलं नाही. सुनेनं गाणं शिकायला घेतलं तेव्हापासून आयच्या तोंडात हीच कवळी होती. सून प्रामाणिक. सासूनं दिलं ते जसंच्या तसं घेतलं, खाचखळग्यांसकट. आय आज आहे उद्या नाही. मग गावात धवलारीण म्हणून सूनच गाणार, आणि तिच्याकडून आणखी कुणी शिकेल तेही त्याच जागी थांबेल, का थांबायचं ते कुणालाच माहीत नसेल. मावशीनं दिलेलं गाणं आपल्या हातून मोडकं पुढं जातंय, हे त्या बाईला एका रात्रीत उमजलं होतं, आणि उमजवणारी मी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला दुसरं काही नको होतं. खालचे दात गाताना हलता कामा नयेत.

माझे कॉलेजातले सर महिन्यातून एका शनिवारी मुंबईहून माझ्याकडे यायचे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकवायची, हे इम्प्लांटचं काम आपल्याकडे तेव्हा नवं होतं आणि सर ते करत होते. पुढच्या शनिवारी त्यांनी आयला तपासलं. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसतील, हाड तेवढं आहे, म्हणाले. मात्र स्क्रू हाडात मुरायला तीन-चार महिने थांबावं लागेल, आणि मिश्री बंद.

मिश्री तिनं पन्नास वर्षं लावली होती. मी मनात म्हटलं, इथंच गाडं अडणार. आयनं पदराची गाठ सोडली, डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गाठ पुन्हा बांधली. त्यानंतर तिनं मिश्रीला हात लावला नाही. सिगारेट सोडतो सोडतो म्हणून मला वर्षानुवर्षं बनवणारे सीबीडीतले साहेबलोक आठवले की ती डबी अजून डोळ्यांसमोर येते. तीन-चार महिन्यांचं गणितही तिनंच घातलं. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. तेवढ्यात तुमचा काय तो खुंट्यांचा कारभार उरका, म्हणाली. खर्चाचं तिच्या मुलानं पाहिलं.

खुंट्या आषाढात बसल्या. दिवाळी होता होता त्या पक्क्या झाल्या आणि प्रश्न आला, त्यांच्यावर कवळी अडकवायची कशानं. याला आम्ही अटॅचमेंट म्हणतो. तेव्हा माझ्याकडे तीन प्रकारचे नमुने होते. मी ते ट्रेमध्ये मांडले आणि आयला आणि सुनेला बोलावलं.

पहिलं लोहचुंबक. खुंटीवर एक चकती, कवळीत चुंबक, जवळ नेलं की आपोआप बसतं. म्हाताऱ्या हातांना सगळ्यात सोपं. आयनं चुंबक हातात घेतलं. ती अळू निवडता निवडता तशीच उठून आली होती, मांडीवर पानं होती आणि त्यांवर कोयती. चुंबक टकदिशी कोयतीला जाऊन बसलं. सुनेनं ओढून सोडवलं. आय एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"येला लोखंड दिसला की धावतंय. मी गाऊ का कोयती गाईल?"

चुंबक बाद झालं. तसंही तोंडातल्या ओलीनं ते गंजतं, हे मला माहीत होतं, पण तिनं माझ्याआधी निकाल दिला.

दुसरी सळी. दोन खुंट्यांना जोडणारी धातूची आडवी सळी आणि कवळीच्या पोटात तिला धरणाऱ्या क्लिपा. दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावतात तसं. तिसरी गोळी. प्रत्येक खुंटीवर छोटी गोल गोळी आणि कवळीत तिला धरणारी रबराची रिंग. हे मी तिला समजावायला लागले तर तिनं स्वतःच्या पोलक्याचं टिचबटण उघडून परत लावून दाखवलं, हेच ना, म्हणून. हेच. तिनं गोळीचा नमुना तीन-चार वेळा लावला, काढला, आणि हाच बरा म्हणाली. हातांना सोपा, धुवायला सोपा.

मी नाही म्हणाले. आता लिहिताना लाज वाटते, पण मी बरीच अडून बसले. पुस्तकं सांगत होती की पकड सगळ्यात घट्ट सळीची. गोळीच्या रबरात थोडं हलणं असतं, आणि आपल्याला तर हलणंच नको आहे. शिवाय रबर झिजतं, वर्षाला बदलावं लागतं. आणि खरं कारण असं की सळीचं काम अवघड, दिसायला देखणं, आणि मला ते सरांना दाखवायचं होतं. आयनं तू शिकलेली, तुला ठावं, म्हणून सोडून दिलं.

काम करणारे तंत्रज्ञ तुर्भ्याला होते. फॅक्टऱ्यांच्या मधल्या एका गाळ्यात त्यांची लॅब. आम्ही सगळे डॉक्टर त्यांना मामा म्हणायचो. गाळ्यासमोरून ट्रक गेला की त्यांचं टेबल थरथरायचं. मामा ट्रकचा आवाज ऐकूनच हात उचलून धरायचे, ट्रक गेला की पुन्हा मेणाला सुरी लावायचे. बोलायचे कमी. आयच्या जबड्याचा साचा त्यांनी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला.

"मॅडम, पुढून निमुळता आहे हा. सळी सरळ टाकली तर जिभेची जागा खाणार," ते म्हणाले. "बघा म्हणजे. तुमी सांगाल तसं."

मी सांगितलं, सळीच. त्यांनी मान हलवली. आठवड्यानं जी सळी पाठवली तिच्याइतकं नितळ काम मी त्या काळात तरी पाहिलं नव्हतं. कुठं खाच नाही, ओरखडा नाही. आपल्याला न पटलेलं काम इतक्या जिवापाड करणारा माणूस मला त्यानंतरही फारसा भेटला नाही.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावून तोंडात बसवून पाहतात. आयला मी खुर्चीत घेतलं. सळी बसली, क्लिपा बसल्या. मी कवळी बोटानं हलवून पाहिली, ढिम्म हलली नाही. मग आमची नेहमीची परीक्षा घेतली. पन्नासपासून साठपर्यंत मोजा. सगळे आकडे स्वच्छ. मी खूश होऊन हातमोजे काढायला लागले तर कोपऱ्यात उभी असलेली सून पहिल्यांदाच आपणहून बोलली. आकडे आणि गाणं सारखं नसतं, एवढंच तिनं हळूच सांगितलं. बरोबर होतं तिचं. मी आयला म्हटलं, मग गाऊन दाखवा थोडं.

आय खुर्चीतून उतरली. धवला आडवं पडून म्हणत नाहीत, आणि दिव्याशिवाय तर नाहीच. मी इकडेतिकडे पाहिलं. दिवा म्हणजे माझा स्पिरिटचा दिवा, ज्यावर मी मेण गरम करायचे. तो चालेल का विचारलं. तिनं वाकून पाहिलं. वात हाय, जाल हाय, मंग दिवाच तो, म्हणाली. मी तो जमिनीवर ठेवला. तिनं गाठीतले तांदूळ काढून दिव्यापुढं ठेवले, डोक्यावर पदर घेतला, सुनेला शेजारी बसवलं, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात, हात धुवायच्या बेसिनशेजारी फरशीवर बसून ती गायला लागली.

कवळी हलली नाही. थांबण्याची ती जागा आली आणि गाणं सरळ पुढं गेलं. बाहेर बसलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले होते. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. पाच-सहा ओळी झाल्यावर आय थांबली. मी टाळी वाजवायच्या बेतात होते. तिनं सुनेला फक्त मान हलवून खूण केली, आता तू.

सून गायली. ती जागा आली तिथं ती सवयीनं थांबलीच, पण मी हबकले ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिचे शब्द जाड येत होते. गालात सुपारी धरून गावं तसे. तिच्या तोंडात तर काहीच नव्हतं. ती सासूच्या आताच्या गाण्याची नक्कल करत होती, आणि सासूचे शब्द तसे आले होते. मी कवळी हलते का एवढंच पाहत होते, म्हणून मला ऐकूच आलं नव्हतं. सरळ सळीमुळे कवळी आतून फुगली होती आणि आयच्या जिभेला पुढं जागाच उरली नव्हती. खुर्चीत मान मागं टाकून आकडे मोजताना ते कळलं नाही. पाटावर बसल्यासारखं ताठ बसून गाताना कळलं.

आयनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"बघ बाय," ती मला म्हणाली. "आदी दात गेले हिचे गान्यान. आता लोखंड चाललाय."

मी तिथंच फरशीवर तिच्यासमोर बसले आणि चुकले म्हणाले. डॉक्टर म्हणून मी असं कुणाला पहिल्यांदाच म्हटलं असेन. तिनं ते मोठं केलं नाही. दिवा फुंकर न मारता झाकण ठेवून विझवला आणि तांदूळ पुन्हा गाठीत बांधले. सून मात्र रडकुंडीला आली होती. आपण काहीतरी बिघडवतो आहोत असं तिला वाटत होतं. खरं तर त्या खोलीत सगळ्यात पक्कं यंत्र तीच होती. माझे आकडे, माझं बोट, माझी पुस्तकं यांना जे सापडलं नाही ते तिनं एका ओळीत समोर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सळी घेऊन मी तुर्भ्याला गेले. वाटेत मामा काय बोलतील याची उत्तरं जुळवत होते. मामांनी सळी कापसात गुंडाळून खणात ठेवली आणि गोळ्या कुठल्या उंचीच्या टाकू, विचारलं. खुंट्या त्याच होत्या, वरचा भाग तेवढा बदलायचा होता. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी सगळ्यात बुटक्या घेतल्या आणि कवळी जिभेच्या बाजूनं इतकी पातळ केली की मला ती मोडेल अशी भीती वाटली. मोडली नाही.

गोळ्यांची कवळी बसवली त्या दिवशी मी आयला रबराचं पुन्हा सांगितलं. दरवर्षी रिंग बदलायला यावं लागेल, विसरून चालणार नाही.

"कुकरची रिंग बदलतंस ना? मंग," ती म्हणाली.

तुळशीचं लग्न झालं की, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, ती नंतर दरवर्षी रिंग बदलायला यायची. मला कधी आठवण करावी लागली नाही.

स्पिरिटचा दिवा पुन्हा जमिनीवर आला. आय गायली. या वेळी मी पाहत नव्हते, मान खाली घालून ऐकत होते. कवळी थोडी हलत असणार, रबर तेवढं हलू देतं, पण हलून ती आपोआप जागेवर येत होती. जिभेला काही काम उरलं नव्हतं, गाण्याशिवाय. मग सून गायली. शब्द मोकळे आले, चिरल्यासारखे स्पष्ट. आणि ती जागा आली तिथं सून थांबली.

दात दुरुस्त झाले होते. सुनेची सवय तशीच होती, आणि ती काही मला खुर्चीत घेऊन काढता येणार नव्हती.

तिथून पुढं जवळजवळ महिनाभर रोज सकाळी भिंतीपलीकडून गाणं ऐकू यायचं. एकच ओळ. आय म्हणायची, सून म्हणायची, आणि थांबायची. आय पुन्हा म्हणायची. मला वाटलं होतं म्हातारी वैतागेल, कारण त्या महिन्यात मी स्वतः दोनदा वैतागून टेबलावर हात आपटला होता. आयचा आवाज एकदाही चढला नाही. ती सुनेला चुकलीस असंही म्हणत नव्हती. नुसती ओळ पुन्हा द्यायची, पहिल्यांदाच देतेय अशी. सीबीडीतले एक वकील माझ्याकडे दाढेच्या कामाला येत होते. तोंडात कापूस असताना त्यांनी बोटानं खूण केली, आज ओळ किती वेळा झाली? मी म्हटलं, सव्वीस. ते खुर्चीत तसेच आ करून ऐकत राहिले.

मार्गशीर्षातलं पहिलं लग्न आयच्या भावकीतलंच होतं. मी दवाखाना बंद ठेवून गेले. पुन्हा मांडवाचा दिवस, तसाच दिवा, तसाच तांदळाचा चौक. पाटावर दोघी बसल्या. आयनं सुरुवात केली, गावदेवीला बोलावलं, आणि मग गेलेल्या माणसांना बोलावायची वेळ आली तेव्हा तिनं दिवा हातानं सुनेपुढं सरकवला. बायकांच्यात कुजबुज झाली. मावशी गेल्यापासून तो धवला आयशिवाय कुणी पुढं होऊन म्हटला नव्हता. सून पांढरीफटक पडली. मी नकळत पुढं सरकून बसले. माझं त्यात काय होतं, पण होतं.

सून गायला लागली. मी आयच्या तोंडाकडे पाहत होते, धंद्याची सवय. पहिली ओळ निम्मी झाली आणि ती जागा आली. आयचे ओठ मिटलेले होते. मिटलेल्या ओठांआड तिची जीभ खालच्या दातांवर दाबली जातेय हे मला हनुवटीच्या हालचालीवरून दिसलं, इतक्या वर्षांची सवय. शेजारी सून न थांबता सरळ पुढं गेली. पुढच्या ओळीलाही तेच, त्यापुढच्या ओळीलाही तेच. आयची जीभ दर वेळी दाबायची आणि गाणं दर वेळी सलग जायचं. सुनेनं शेवटचं नाव घेतलं, ते आयच्या मावशीचं होतं. आयनं दिव्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात आली तेव्हा वरचेच दात तोंडात होते आणि पदराला गाठ. मला राहवलं नाही. एवढा उपद्व्याप केला, खुंट्या ठोकल्या, सळी घडवली, बाद केली, महिनाभर त्या पोरीला घोकवलं, आणि शेवटी कवळी पुन्हा पदरात? काय समजायचं मी? मी बरंच काही बोलले. ती शांतपणे स्टुलावर बसून माझं संपायची वाट पाहत होती.

"गान्याचा काम झाला," ती म्हणाली. "तिचे तोंडान बसला."

मग तिनं गाठ सोडली. कवळी काढली, माझ्या नळाखाली धुतली, आणि आरशात न बघता तोंडात घालून अंगठ्यानं दाबली. टक, टक. दोन्ही गोळ्या बसल्या. माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत फुटाणे होते. तिनं त्यातले चार उचलले. त्या तोंडात मी गाण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी हे दात पाहिले नव्हते. तिनं एक फुटाणा दातांखाली धरला, तो कडकन फुटला, आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. ती बराच वेळ चावत राहिली.

"आता हे माजे," ती म्हणाली, आणि पुडीकडे पुन्हा हात केला.